चाल आणि प्रसंग

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाला विषय कोणता घेता, असे कार्यवाहांनी विचारले तेव्हा आम्ही एका दमात 'नाटक, चित्रपट आणि नभोनाट्य यांचे संगीत' असे सांगून टाकले. सांगून झाल्यावर मात्र पोटात गोळा आला. आम्ही काही संगीतकार नव्हे. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणारे, बी. ए., बी. एड. झालेले साधे मास्तर आहोत. पेटीवर बोटे फिरतात, एवढीच काय ती पुंजी. परंतु गेली वीस वर्षे या संस्थेच्या संमेलनातील नाटकांच्या पत्रिकेवर 'संगीत' या शब्दापुढे आमचे नाव छापले जात आहे. त्या वीस वर्षांत आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांच्या बळावरच आज आम्ही येथे उभे आहोत. शिकून मिळवलेला अधिकार मोठा खरा. पण ठेच लागून मिळालेलाही अगदीच टाकाऊ नसतो.

तेव्हा आरंभ आमच्या पहिल्या ठेचेनेच करतो.

नोकरीचे दुसरे वर्ष असेल. संमेलनात मुलींची एक छोटी नाटिका होती. गावाकडची एक आई. तिचा मुलगा कामासाठी दूर गेलेला. शेवटच्या प्रवेशात पत्र येते. शेजारचा मुलगा ते वाचून दाखवतो आणि गप्प होतो. मग ती आई फक्त एवढेच म्हणते, "मग भाकरी कुणाला थापू?" बस्स, एवढेच वाक्य. आठवीतील एक मुलगी ती आई झाली होती. आम्ही पेटीवर होतो. महिनाभर आम्ही त्या जागेसाठी तोडीची एक करुण सुरावट बसवली होती, आणि खरे सांगायचे तर ती आम्हाला फारच आवडली होती. पत्र वाचून झाले, आम्ही सूर धरला, हात रंगला, सुरावट चांगली पाऊण मिनिट चालली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही मान लववून त्या टाळ्या स्वीकारल्या.

पडदा पडल्यावर ती मुलगी आमच्याजवळ आली. रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, "सर, माझं वाक्य ऐकू आलं का हो कुणाला?"

कुणालाही ऐकू आले नव्हते. आमच्या तोडीखाली ते वाक्य चिरडले गेले होते. त्या रात्री संस्थेतील एक वयोवृद्ध पेटीवाले आमच्यासोबत घरापर्यंत चालत आले. वाटेत म्हणाले, "मास्तर, टाळी तुम्हाला मिळाली. नाटक मात्र पडलं." आज ते हयात नाहीत. त्यांच्या त्या दोन वाक्यांत या विषयाचे सारे शास्त्र आहे, असे आम्हाला वाटते. पुढे जे बोलणार ते त्या वाक्यांवरील भाष्य समजावे.

मैफलीत गवई गातो तेव्हा राग हाच नायक असतो. नाटकात, चित्रपटात किंवा नभोनाट्यात तसे नसते. तेथे नायक असतो तो प्रसंग. चाल ही त्या प्रसंगाची चाकर. चाकर मालकाच्या खुर्चीत बसला की घराची जी अवस्था होते तीच नाटकाची होते. हे ऐकायला सोपे आहे. करायला फार कठीण. कारण चाल देणाऱ्याला आपली चाल आवडलेली असते!

आपल्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. बेळगावकरांना तर मुळीच नाही. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. जन्म १८४३ चा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली 'संगीत सौभद्र'. या नाटकांतील चाली त्यांनी आकाशातून आणल्या नाहीत. कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी, लावणीचे ढंग आणि आपल्या या भागात कानांवर पडणाऱ्या कानडी चाली, असे आजूबाजूचे धन त्यांनी उचलले आणि त्यावर पदे रचली. दोन भाषांच्या शिवेवर वाढलेल्या माणसाचा कान दोन्हीकडे उघडा असतो, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता द्यावा?

येथे कुणी हुशार विद्यार्थी हात वर करील. म्हणेल, "सर, अण्णासाहेबांनी तयार चाली घेतल्या, तर आम्ही फोनवरून तयार संगीत घेतले त्यात काय बिघडले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देणार आहोत. तोपर्यंत तो खिशात जपून ठेवा.

किर्लोस्करांनंतर नाटकात गवयांचा मोठा प्रवाह आला. १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. 'विद्याहरण' १९१३ चे आणि 'स्वयंवर' १९१६ चे; त्यांच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांनी विद्या मिळवली ती बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि पुढे अल्लादिया खाँ यांच्यापाशी बसून. बुवांच्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून घरोघरी गेल्या. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा असत आणि सारंगीवर कादरबक्ष. रुक्मिणी महाराष्ट्राची लाडकी झाली, पण तिच्या पदामागचा ठेका आणि तिच्या हुंदक्यामागची सारंगी कुठल्या घरांतून आली होती, हे पाहिले म्हणजे चाल ही कुणा एकाच्या अंगणातली नसते हे ध्यानात येते. आमच्या आजोळी, मिरजेला, हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो. तिथल्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रे पाजळण्याचा धंदा सोडून सतारी-तंबोरे घडवायला घेतले, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. पंढरपूरकडचा भोपळा, मिरजेचा कारागीर आणि त्यावर गाणारा कुठलाही. मैफलीत कुणी तंबोऱ्याची जात विचारीत नाही.

असो. सांगायचा मुद्दा हा की गवयांच्या या वैभवाबरोबर एक धोकाही आला. पद संपेना. वन्समोअरवर वन्समोअर पडू लागले. विरहात तळमळणारी नायिका तेच पद तिसऱ्यांदा आळवू लागली की श्रोता तृप्त होई, पण कथानक विंगेत जांभया देत उभे राही. याला उतारा म्हणून १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले. त्यात मोजकीच आणि आटोपशीर पदे होती. संगीत केशवराव भोळे यांचे. प्रसंगाला लागेल तेवढेच गाणे, हा त्यातील नवा विचार. आज आपण ज्याला भावगीताच्या वळणाचे नाट्यगीत म्हणतो त्याची वाट तेथून रुळली.

आता चाल देणारा नेमके काय करतो, ते पाहू. पद हाती आले की त्याने प्रथम पेटी उघडू नये, शब्द वाचावेत. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला अर्थ आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब बिचारा. गाताना 'दि'वर दोन मात्रा जास्त रेंगाळलात की सोनियाचा दिवस केविलवाणा झालाच म्हणून समजा! 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे सारथी. कर्णाच्या नाटकात या एका उकारावर सारे नाटक उभे असते. तेथे चाल देणाऱ्याने तालाच्या सोयीसाठी उकार ताणला तर कुंतीचा सुत अधिरथाच्या घरी जाऊन बसेल. वर्गात आम्ही शुद्धलेखनाचे गुण कापतो तेव्हा मुले कुरकुर करतात. त्यांना आमचे सांगणे आहे की शुद्धलेखन हे गळ्यातही असते.

शब्दांनंतर पात्र. तेच शब्द दोन माणसांच्या तोंडी दिले तर चाल एकच राहील काय? याचे उत्तर प्रभातच्या 'संत तुकाराम' या चित्रपटात आहे. हा चित्रपट १९३६ चा. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. संगीत पुन्हा केशवराव भोळे यांचेच. चित्रपटाच्या आरंभी तुकाराम अभंग म्हणतात, आणि लगोलग तोच अभंग सालोमालो आपला म्हणून देवळात गाऊन दाखवतो. तुकारामांच्या तोंडी तो साधा, आपल्याशीच म्हटल्यासारखा आहे. सालोमालोच्या तोंडी त्याला मुरके फुटतात, गाणाऱ्याची नजर श्रोत्यांवर जाते. शब्द तेच असतात. पण एक भक्त आहे आणि दुसरा चोर, हे कुणी न सांगता कानाला कळते. चालीने पात्राची पारख करून दिली. आमच्या त्या तोडीच्या रात्री आम्हीही सालोमालोच झालो होतो, हे आम्हाला हा चित्रपट पुन्हा पाहताना उमगले.

पात्रांची ही पारख रंगभूमीवर आणखी पुढे गेली ती १९६७ साली, 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात दोन गायकीच समोरासमोर उभ्या राहतात. एक पंडितजींची आणि एक खाँसाहेबांची. चाल देणाऱ्याची ही कसोटीच. दोन्ही बाजूंना आपलीच आवडती गायकी देऊन चालणार नव्हते. आणि खाँसाहेबांना खलपुरुषाची भेसूर चाल देणे म्हणजे तर नाटकाचा खूनच. जितेंद्र अभिषेकी यांनी दोन्ही गायकींना आपापली शान दिली. अभिषेकीबुवा गोव्याच्या मंगेशीचे, देवळातल्या कीर्तनात वाढलेले. आणि त्यांच्या गुरूंत जगन्नाथबुवा पुरोहित होते तसे अझमत हुसेन खाँही होते. दोन्ही बाजू त्यांच्या घरच्याच होत्या. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे गाऊ लागले की पंडितजींचा कैवार घेऊन बसलेला प्रेक्षकही विरघळे. भांडण गायकीचे नव्हते, माणसांचे होते, हे चालींनी दाखवले. आमच्या वडिलांनी हे नाटक तरुणपणी पाहिले होते. ते घरी फार कमी बोलत, पण या नाटकाची गोष्ट निघाली की म्हणत, "दोघांनाही न्याय दिला त्या माणसानं." चाल देणाऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्ही ऐकलेले नाही.

आता चित्रपटाकडे वळू. नाटकात साथ करणारा नटाकडे पाहत असतो. नट थांबला की तो थांबतो, नट विसरला की एक आवर्तन जास्त वाजवून सांभाळून घेतो. चित्रपटात ही सोय नाही. सुरुवातीच्या बोलपटांत, म्हणजे 'अयोध्येचा राजा'च्या काळात, १९३२ साली, नट कॅमेऱ्यासमोर खरोखरच गात आणि वाजवणारे चौकटीबाहेर दडून साथ करीत. या चित्रपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पुढे १९३५ साली कलकत्त्यात पार्श्वगायनाची रीत सुरू झाली आणि गाणे आधी ध्वनिमुद्रित होऊ लागले. चित्रावर नंतर चढवायच्या पार्श्वसंगीताची गोष्ट तर हिशेबाचीच झाली.

तो हिशेब मुलांसाठी सांगतो, कारण त्यांना वाटते गणिताचा आणि गाण्याचा संबंध नाही. जुनी पस्तीस मिलिमीटरची फिल्म एका सेकंदाला २४ चित्रे या वेगाने पडद्यावर धावे. एका फुटात १६ चित्रे. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. आता समजा, नायिका जिना उतरते तो तुकडा ३६ फुटांचा आहे. म्हणजे २४ सेकंद. मिनिटाला १२० मात्रा या लयीत त्रितालाच्या सोळा मात्रांना ८ सेकंद लागतात. तेव्हा बरोबर तीन आवर्तने, आणि चौथ्या समेवर तिचा पाय शेवटच्या पायरीवर. तुकडा ३३ फुटांचा निघाला तर? मग २२ सेकंद, पावणेतीन आवर्तने. सम येईपर्यंत बाई घराबाहेर! अशा वेळी संगीतकाराला लय थोडी चढवावी लागते किंवा तुकडाच नव्याने बांधावा लागतो. आज फिल्मची फुटे गेली, यंत्रावर सेकंदांचे आकडे दिसतात. परंतु हिशेब तोच राहिला आहे. तेथे चित्र थांबत नाही. चालीने आपले माप चित्राला बेतून घ्यावे लागते.

आणि कधी कधी माप शून्य निघते. प्रभातचाच १९३७ सालचा 'कुंकू' पाहा. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेल्या तरुण मुलीची ती कहाणी. विषय असा की कुणीही सारंग्या रडवल्या असत्या. पण या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घरातले, रस्त्यावरचे खरेखुरे आवाज तेवढे आहेत, आणि आहे ते जुने घड्याळ. नीरा गाते तेव्हाही तबकडी लावून गाते, म्हणजे घरात जशी मुलगी गाईल तशी. जिथे घरच मुके आहे तिथे वाद्यवृंद कुठून येणार, हे ओळखायला मोठी छाती लागते. संगीतकाराने 'येथे मी नको' म्हणणे यापरता मोठा त्याग नाही.

लहानपणी मिरजेला माळ्यावर वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या रांगा आम्ही पाहत असू. एकदा मामूंना विचारले की एवढे कोरून कोरून आतले सारे का काढून टाकता? ते म्हणाले, "बेटा, भरला असतो तवर त्याची भाजी होते. रिकामा झाला की त्यात सूर राहायला येतो." तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली. आठवीतल्या त्या मुलीच्या वाक्याभोवती आम्ही रिकामी जागा ठेवायला हवी होती, हे कळायला मध्ये पंधरा वर्षे जावी लागली.

आता तिसरे अंग, नभोनाट्य. आमची पिढी बेळगावात वाढली ती सांगली, धारवाड आणि पुणे या आकाशवाणी केंद्रांच्या आवाजांवर. कंदिलाच्या उजेडात ऐकत होतो असे म्हटले तर छान वाटेल, पण खरे नाही. घरात वीज होती, फक्त ती नेमकी नाटकाच्या वेळी जाई, आणि रेडिओ सेलवर चाले म्हणून बरे! नभोनाट्याचा श्रोता आंधळा असतो. नाटकात पडदा पडलेला दिसतो, चित्रपटात चित्र बदलते. येथे घर संपून अरण्य सुरू झाले हे कानानेच कळायला हवे. नटाने मायक्रोफोनपासून चार पावले मागे सरून बोलले की तो अंगणात गेला. करवंट्या आपटल्या की घोडा आला, पत्रा हलवला की वीज कडाडली. आणि दोन प्रवेशांमधला पडदा म्हणजे पाच-सात सेकंदांचे संगीत. एवढ्यात सकाळची संध्याकाळ करायची, दहा वर्षे ओलांडायची, शोकाचा रंग उतरवून पुढल्या थट्टेसाठी मन मोकळे करायचे. शिवाय चित्रपटात शोभणारी दीर्घ शांतता येथे चालत नाही. दहा सेकंद आवाज बंद पडला की श्रोता उठून रेडिओला थापटी मारतो.

येथे आणखी एक पथ्य आहे. ओळखीच्या गाण्याची धून मध्ये वाजवू नये. श्रोता त्या धुनेबरोबर आपल्या आठवणीच्या गावी निघून जातो. कुणाला आपले लग्न आठवते, कुणाला कॉलेज. नाटकातली बाई इकडे विहिरीच्या काठावर उभी, आणि श्रोता तिकडे वरातीत! उसन्या चालीबरोबर तिचा जुना प्रसंगही उसना येतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

रेडिओचे सामर्थ्य पाहायचे तर 'गीतरामायण' आठवा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ते सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक गीत. निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली. नेपथ्य नाही, वेषभूषा नाही. चालीवरून पात्र ओळखायचे आणि लयीवरून प्रसंग. लोकांनी अयोध्याही पाहिली आणि लंकाही पाहिली, आणि तीही कानांनी. आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे तर या तिन्ही अंगांत वावरले. त्यांनी नाटके लिहिली, नभोवाणीवर काम केले, आणि १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे चारही खांब एकट्याने उचलले. मास्तरकीतून संगीताकडे वाट जाते, हे पाहून आम्हाला तेवढाच धीर येतो.

सारांश, नाटकाचे संगीत नटासाठी थांबते, चित्रपटाचे संगीत चित्राला मापून घेते, नभोनाट्याचे संगीत न दिसणारे दाखवते. तिन्हींचा धर्म एकच. प्रसंगासाठी जन्मावे आणि प्रसंगाबरोबर बाजूला व्हावे.

आता खिशात ठेवलेला तो प्रश्न बाहेर काढू. तयार संगीत घेतले तर काय बिघडले?

अण्णासाहेबांनी चाली घेतल्या, पण घेऊन तशाच ठेवल्या नाहीत. आपल्या शब्दांवर, आपल्या नटांच्या गळ्यावर त्या नव्याने बेतल्या. शिंप्याने ताग्यातले कापड घेऊन तुमच्या अंगाचा सदरा शिवला तर ती चोरी नव्हे. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून बोहल्यावर उभे राहिलात, तर मात्र बाह्या लोंबणारच.

गेली पाच-सहा वर्षे आपल्या संमेलनात आपण हेच करीत आलो. वाजवणारी जुनी मंडळी एकेक करून गेली. तालमीला वेळ नाही. फोन ध्वनिक्षेपकाला जोडला की सतारही मिळते आणि शंभर व्हायोलिनेही. दोन वर्षांपूर्वी राणीच्या विलापाचा प्रवेश चालू होता. फोनवरून फार सुंदर संगीत वाजत होते. तेवढ्यात कुणाचा तरी कॉल आला आणि राणीच्या हुंदक्यांत 'टिंग टिंग' घंटी घणघणली. सारे सभागृह हसले. मंडळी, तो फोन आमचाच होता. दोष दुसऱ्या कुणावर ढकलण्याची सोय नाही.

पण घंटीचे आम्हाला तितकेसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते त्याच्या पुढच्या क्षणाचे. हशाने ती पोर गोंधळली, वाक्य विसरली. तिने विंगेकडे पाहिले. जुने पेटीवाले असते तर त्यांनी तिच्याकडे पाहून एक सूर धरून ठेवला असता, तिला श्वास घेऊ दिला असता, आणि वाक्य आठवल्याचे तिच्या डोळ्यांत दिसताच हलकेच माघार घेतली असती. फोन मात्र थांबला नाही. शंभर व्हायोलिने वाजत राहिली आणि ती एकटी उभी राहिली. ध्वनिमुद्रण सुरेल असते, पण ते कुणासाठी थांबत नाही. आमची मुले अजून शिकत आहेत. त्यांना थांबणारे संगीत हवे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळींपुढे आमची एक विनंती आहे. संस्थेच्या कोठीत एक पायपेटी पडून आहे. तिचा भाता फाटला आहे, काही सूर बसले आहेत. दोन हातपेट्या आणि एक तबलाजोडी अजून धड आहे. महोत्सवाच्या निधीतून या वाद्यांची डागडुजी व्हावी. दर वर्षी निदान एका नाटकाचे संगीत आपल्याच मुलामुलींनी बसवावे आणि आपल्याच मुलामुलींनी वाजवावे. ते स्वरलिपीत लिहून संस्थेच्या दप्तरी ठेवावे, म्हणजे पुढल्यांना पाया मिळेल. दर शनिवारी दुपारी दोन तास आम्ही या कामी बसू. त्याचे मानधन आम्ही घेणार नाही, आणि त्याला एक कारण आहे.

चोवीस वर्षांपूर्वी बी. एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांपाशी फी नव्हती. या संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही भीतभीतच दिला. खिडकीपाशी बसलेल्या वृद्ध चिटणिसांनी तो वाचला, वर पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "शिक्षक झाल्यावर इथल्या मुलांना शिकवशील ना?" नाव वाचूनही दुसरा कोणताच प्रश्न आला नाही. आम्ही हो म्हणालो. ते हो अजून पुरे फिटलेले नाही.

ती आठवीतली मुलगी आज स्वतः एका शाळेत शिकवते. मागल्या वर्षी तिच्या शाळेच्या नाटकाला तिने आम्हाला पेटीवर बोलावले. नाटिका तीच, आईची. आम्ही गेलो. पत्र वाचून झाले. आम्ही हात पेटीवरून उचलून मांडीवर ठेवले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या नव्या मुलीने वाक्य म्हटले. मागल्या रांगेतल्या आजीबाईंपर्यंत ते पोचले, कारण त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला आम्ही पाहिला. त्यानंतर आम्ही फक्त एक खर्जाचा सूर दिला, आणि पडदा पडला.

त्या दिवशी टाळ्या त्या मुलीला मिळाल्या. आमच्याकडे कुणी पाहिलेही नाही. वीस वर्षांत आम्ही दिलेले सर्वांत चांगले संगीत ते हेच, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

संस्थेला पन्नास वर्षे झाली. शतमहोत्सवाच्या नाटकात ती पायपेटी वाजत असावी, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.